लेकरू हाकेला वळत नसेल तर



उसात नांग्या महिन्याच्या आत भरल्या तर रोप बरोबरीने येते, उशीर झाला की खुरटते. जन्मतः बहिऱ्या लेकराच्या बोलण्याचेही तसेच. भाषा शिकण्याची खरी वर्षे पहिली ३-४. ‘याचा आजाही उशिराच बोलला’ म्हणून थांबणे आम्हांस पटत नाही.

कॉक्लिअर इम्प्लांटमध्ये कानाच्या आतल्या शंखात शस्त्रक्रियेने बारीक तार बसवतात. कानामागचे यंत्र आवाज टिपते व विजेच्या संकेतांनी श्रवणाच्या नसेला पोचवते. यंत्र सुरू होते काही आठवड्यांनी; ऐकण्याचे वय तेव्हापासून मोजायचे. त्याच दिवशी ‘आई’ ऐकू येईल ही आशा नको. आधी मान वळेल, मग शब्द ओळखेल, बोलणे त्यानंतर. वर्ष-दोन वर्षे वाचा-उपचार लागतात, आणि घरात रोजची बडबड. आपल्या झाडीबोलीतच बोला, पुस्तकी कशाला?

खर्च लाखांत जातो. पण केंद्राच्या ‘एडिप’ योजनेत पात्र लहान मुलांना इम्प्लांट मोफत मिळते. मुंबईची अली यावर जंग संस्था (स्थापना १९८३) ते काम पाहते. अंगणवाडीत बालस्वास्थ्य पथक येते, त्यांना लेकरू दाखवा. ‘बेरा’ तपासणी लेकरू झोपले असताना होते, सुई टोचत नाहीत.