विजेरीसाठी अस्सल लिथियम सेलची निवड

इंदापूर तालुक्यातील लासुर्णे परिसरात नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस पिकतो. पाण्याची पाळी किंवा पंपाची वीज पुष्कळदा रात्री येते. ओल्या बांधावर साप-विंचवाचे भय असल्याने दारे धरणाऱ्यापाशी भरवशाची विजेरी असणे अगत्याचे आहे. तिचा भरवसा मात्र आतील सेलवर अवलंबून असतो.

पुन्हा भारित होणारा १८६५० हा लिथियम सेल सुमारे १८ मिलिमीटर जाड व ६५ मिलिमीटर लांब असतो. चांगल्या सेलची धारणशक्ती बहुधा २,००० ते ३,५०० मिलिअँपिअर-तास भरते. सेलवर ९,९०० असा आकडा छापलेला असल्यास तो खोटा समजावा. अस्सल सेलचे वजन ४५ ते ५० ग्रॅमच्या आसपास असते. त्याहून फार हलका सेल घेऊ नये. दुकानातील लहान काट्यावर ही परीक्षा सहज होते.

सेलवर किंवा वेष्टनावर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह, आयएस १६०४६ हा मानक क्रमांक आणि 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहावा. नोंदणी क्रमांक मोबाइलवरील 'बीआयएस केअर' ॲपमध्ये ताडून पाहता येतो. पक्की पावती अवश्य घ्यावी.

सेल ४.२ व्होल्टला आपोआप थांबणाऱ्या चार्जरवरच भारित करावा. चेपलेला किंवा गळणारा सेल वापरू नये व आगीत टाकू नये.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी गावसभेत अस्सल व नकली सेल शेजारी ठेवून, तोलून दाखवावेत. एकदा हातात फरक जाणवला, की शेतकरी सहसा फसत नाही.