पस्तीस गुणांची सीमारेषा : सॉफ्टवेअर चाचणीच्या मुलाखतीची पूर्वतयारी

आपल्या शाळेतून बाहेर पडलेली अनेक मुले-मुली पदवी घेऊन आज माहिती-तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात नोकरीच्या शोधात आहेत. सुट्टीत भेटतात तेव्हा त्यांचा एक प्रश्न हमखास असतो : सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या मुलाखतीत नेमके काय विचारतात? पालकांचा प्रश्न निराळा असतो : दुसऱ्याने केलेले काम तपासणे ही खरी नोकरी म्हणावी काय? याच वसतिगृहात वाढून पुढे या व्यवसायात स्थिरावलेले आम्ही काही माजी विद्यार्थी या दोन्ही प्रश्नांची उत्तरे येथे देऊ इच्छितो.

उदाहरण शाळेचेच घेऊ. निकालपत्रक तयार करणारा एक संगणकीय प्रोग्रॅम आहे असे समजा. नियम साधा आहे : १०० पैकी ३५ किंवा त्याहून अधिक गुण मिळाल्यास विद्यार्थी उत्तीर्ण. प्रोग्रॅमरने घाईत ‘३५ पेक्षा अधिक’ अशी अट लिहिली. २० गुण घालून पाहिले, निकाल अनुत्तीर्ण आला. ६० घालून पाहिले, उत्तीर्ण आला. सारे यथास्थित दिसले. परंतु ज्या विद्यार्थ्याला बरोबर ३५ गुण मिळाले, तो मात्र नापास ठरला. मुलाखतीत विचारल्या जाणाऱ्या तीन संज्ञा येथेच उलगडतात. प्रोग्रॅमरच्या समजुतीतील चूक म्हणजे एरर. त्या चुकीमुळे प्रोग्रॅममध्ये राहिलेला दोष म्हणजे डिफेक्ट, ज्याला बोलीत बग म्हणतात. आणि तो दोष प्रत्यक्ष वापरात प्रकट होऊन चुकीचा निकाल बाहेर पडणे म्हणजे फेल्युअर.

मग सर्वच शक्यता का तपासू नयेत? एका विषयाला शून्यापासून १०० पर्यंत १०१ प्रकारे गुण पडू शकतात. सहा विषय एकत्र घेतले तर या शक्यतांची संख्या एक लाख कोटींच्याही पुढे जाते. म्हणून निवड करावी लागते, आणि निवडीची रीत जाणणे हेच परीक्षकाचे कौशल्य होय. त्यातील पहिली रीत इक्विव्हॅलन्स पार्टिशनिंग : ज्या संख्यांना प्रोग्रॅमने सारखीच वागणूक द्यावी, त्यांचा एक गट करावा. आपल्या उदाहरणात शून्याखालील, शून्य ते ३४, ३५ ते १०० आणि १०० वरील असे चार गट होतात. प्रत्येकातून एक संख्या घेतली तरी पुरते. दुसरी रीत बाउंडरी व्हॅल्यू अ‍ॅनालिसिस : दोष बहुधा गटांच्या काठावर दडून बसतात, म्हणून उणे १, शून्य, ३४, ३५, १०० आणि १०१ या संख्या अवश्य घालून पाहाव्यात. याखेरीज गैरहजर विद्यार्थ्याचा रिकामा रकाना प्रोग्रॅम शून्य तर धरत नाही ना, हेही पाहावे. गैरहजेरी आणि शून्य गुण या दोन भिन्न गोष्टी आहेत.

मर्यादेच्या काठावरील चूक किती महाग पडते, याचे उदाहरण इतिहासात आहे. ४ जून १९९६ रोजी युरोपचे एरियन-५ हे रॉकेट पहिल्याच उड्डाणात सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाले. आधीच्या एरियन-४ रॉकेटसाठी लिहिलेला प्रोग्रॅमचा एक भाग त्यात तसाच वापरला होता. नव्या रॉकेटच्या वेगामुळे एक संख्या इतकी मोठी झाली की तिच्यासाठी राखलेल्या १६ बिटांच्या जागेत ती मावली नाही. जुन्या ठिकाणी निर्दोष चाललेली गोष्ट नव्या ठिकाणी पुन्हा तपासावी लागते, हा त्यातील धडा.

चाचणीच्या पायऱ्या चार. एका विषयाची बेरीज करणारा छोटा भाग स्वतंत्रपणे तपासणे म्हणजे युनिट टेस्टिंग. लेखी परीक्षेचे ८० आणि अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण नीट जुळतात का, हे पाहणे इंटिग्रेशन टेस्टिंग. संपूर्ण प्रोग्रॅम एकत्रितपणे तपासणे सिस्टिम टेस्टिंग. आणि शाळेच्या लिपिकांनी वा मुख्याध्यापकांनी स्वतः वापरून तो स्वीकारणे अ‍ॅक्सेप्टन्स टेस्टिंग.

दोन जोड्यांत उमेदवारांचा गोंधळ होतो. दोष दुरुस्त झाल्यावर ३५ गुण पुन्हा घालून पाहणे म्हणजे रीटेस्टिंग. त्या दुरुस्तीमुळे पूर्वी बरोबर चालणारे दुसरे काही बिघडले नाही ना, हे पाहणे रिग्रेशन टेस्टिंग. दुसरी जोडी सिव्हिरिटी आणि प्रायॉरिटी यांची. दोषाने कामाची किती हानी होते ती सिव्हिरिटी. तो किती तातडीने दुरुस्त करावा ती प्रायॉरिटी. निकालपत्रकावर शाळेचे नाव चुकीचे छापले गेले तर गणित कोठेही चुकत नाही, तथापि वाटपापूर्वी ते सुधारलेच पाहिजे : सिव्हिरिटी कमी, प्रायॉरिटी अधिक.

दोष सापडला की तो लिहून कळवावा लागतो. कोणत्या क्रमाने काय केले, काय अपेक्षित होते आणि प्रत्यक्षात काय घडले, या तीन गोष्टी स्पष्ट असाव्यात. वाचणाऱ्याला तोच दोष आपल्या संगणकावर पुन्हा दिसला, तर अहवाल चांगला. इंग्रजीच्या भीतीने अनेक मुले मागे राहतात. त्यांना आमचे सांगणे एवढेच की येथे आलंकारिक भाषेची गरज नाही; लहान, अचूक वाक्ये पुरतात आणि ती सरावाने येतात.

मुलाखतीत कधी एखादी लिफ्ट वा पेन पुढे करून ‘हे कसे तपासाल?’ असे विचारतात. लगेच उत्तरांची यादी सुरू करू नये. आधी आपणच विचारावे : लिफ्ट किती माणसांसाठी आहे, मजले किती, वीज गेल्यास काय व्हावे? गरज समजून घेतल्याशिवाय तपासणी होत नाही, हे तुम्ही जाणता एवढे त्यातून दिसते.

एक इशारा मात्र द्यावासा वाटतो. पैसे घेऊन खोटे अनुभवपत्र मिळवून देणारे लोक या क्षेत्राभोवती वावरतात. कर्ज काढून फी भरणाऱ्या पालकांनी त्यांच्यापासून दूर राहावे. कंपन्या पूर्वीच्या नोकरीची पडताळणी करतात, आणि खोटेपणा उघडकीस आला की मिळालेली नोकरीही जाते. ज्याचे कामच चूक आहे ती चूक म्हणून सांगण्याचे, त्याने आरंभच असत्याने करावा, हे शोभतही नाही. अनुभव नसेल तर नाही म्हणावे, आणि मोबाइलमधील एखाद्या अ‍ॅपच्या वीस चाचण्या स्वतः लिहून सोबत न्याव्यात.

तपासणी हे दुय्यम काम आहे काय, असे पालक विचारतात. आपल्यापैकी कित्येक जण कधी ना कधी त्या ३५ गुणांच्या रेषेवर उभे राहिलेले आहेत. तेथे उभ्या असलेल्या मुलाचा निकाल बरोबर लागावा म्हणून कोणीतरी ती एक संख्या आठवणीने घालून पाहावी लागते. ते काम आपल्या मुलांच्या हाती यावे, ही आमची मनोकामना आहे.