‘संक्रमण’ म्हणजे कोरोना नव्हे

जामसांवलीजवळच्या एका घराच्या ओसरीवर बसून मी फॉर्मवरचा पहिला प्रश्न वाचला: ‘ऊर्जा संक्रमणाबद्दल आपण काय ऐकले आहे?’ समोरच्या आजींनी आधी पदर नाकाला लावला. मग म्हणाल्या, "मायबाई! पुना आला काय तो?"

मला कळेपर्यंत अर्धा मिनिट गेला. जामसांवली मध्य प्रदेशात आहे. घरात मराठी, शाळेत आणि तहसीलीत हिंदी. आणि हिंदीत 2020 नंतर ‘संक्रमण’ या शब्दाला एकच अर्थ उरलाय, कोरोना. आपण मराठीवाले ‘संक्रमणकाळ’ वगैरे मजेत लिहितो, आपल्याला त्यात मकरसंक्रांत दिसते. आजींना मास्क दिसला.

मी साहित्याची विद्यार्थिनी. समाजशास्त्र हा माझा दुसरा विषय, आणि तो मी घेतला तेव्हा खरं सांगायचं तर वेळापत्रकात सोयीचा पडला म्हणून घेतला. फील्डवर्कसाठी आमच्या गटाला विषय मिळाला ‘शाश्वतता आणि ऊर्जा संक्रमणात समाजशास्त्राची भूमिका’. विषय ऐकूनच अर्धा गट गळाला. मलाही वाटलं होतं की सोलर पॅनल, बॅटरी, ग्रिड ही सगळी इंजिनिअर मंडळींची कामं. आपण तिथे जाऊन काय विचारणार, तुम्हाला पॅनल आवडतं का? या लेखात मी तेच सांगायचा प्रयत्न करतेय: तिथे जाऊन काय विचारायचं असतं, आणि चुकीचं विचारलं की काय होतं.

आधी जागा. जामसांवली म्हणजे झोपलेल्या हनुमानाचं गाव. मारुती सगळीकडे उभा असतो, इथे तो आडवा आहे. शनिवार-मंगळवारी नागपूरकडून गाड्याच गाड्या येतात. गाव सौंसर तालुक्यात, आणि सौंसर 2023 मध्ये छिंदवाड्यातून वेगळ्या झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यात. 1956 पर्यंत हा सगळा मुलूख आणि नागपूर एकाच प्रांतात होते. मग रेघ ओढली गेली, पण भाषा, सोयरिक आणि संत्री रेघेच्या दोन्ही बाजूंना तशीच राहिली.

नागपूरहून निघालं की सुरुवातीलाच कोराडीच्या चिमण्या लागतात. तिथे 660 मेगावॅटचे तीन संच आहेत. पुढे सावनेर, तिथे जमिनीखालच्या कोळसा खाणी. सौंसर ओलांडून, छिंदवाडा मागे टाकून पुढे गेलं की परासिया, म्हणजे पेंच खोऱ्यातलं कोळशाचं क्षेत्र. म्हणजे मारुतीच्या दर्शनाचा हा रस्ता दोन्ही टोकांना कोळशाला बांधलेला आहे. 2021 मध्ये ग्लासगोच्या परिषदेत भारतानं 2070 पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचा शब्द दिला. तो शब्द खरा करायचा तर हा रस्ता बदलणार. रस्त्यावरच्या माणसांचं काय होणार, हा प्रश्न मात्र मेगावॅटमध्ये मोजता येत नाही.

आता आजींच्या स्वयंपाकघरात येऊ. फॉर्मवर प्रश्न होता: ‘स्वयंपाकासाठी एलपीजी वापरता का? होय/नाही.’ कोपऱ्यात लाल सिलिंडर होतं, वर स्वच्छ शेगडी, शेगडीवर क्रोशाचं कापड. मी ‘होय’वर टिक केली. पाठीमागे चूल पेटलेली होती. चुलीत पऱ्हाट्या, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उपटलेली झाडं. भिंतीला तुऱ्हाट्यांचा भारा. मी विचारलं तेव्हा सूनबाई हसल्या: "चहाले गॅस, पाव्हण्याले गॅस. भाकर चुलीवरच."

माझी टिक खरी होती आणि खोटीही होती. उज्ज्वला योजना 1 मे 2016 ला सुरू झाली आणि तिच्यामुळे कोट्यवधी घरांत सिलिंडर पोचलं, ही मोठीच गोष्ट आहे. पण सिलिंडर पोचणं आणि चूल विझणं या दोन वेगळ्या घटना आहेत. संशोधक याला ‘स्टॅकिंग’ म्हणतात: नवं इंधन जुन्याची जागा घेत नाही, त्याच्यावर थर म्हणून बसतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) देशातली 58.6 टक्के घरं स्वयंपाकाला स्वच्छ इंधन वापरतात असं आलं. तिथे प्रश्न मुख्य इंधनाचा असतो. दुसऱ्या इंधनाचं धूर खाणं त्या आकड्यात येत नाही. ते कळायला कुणीतरी सकाळी साडेसहाला त्या घरात बसावं लागतं.

आणि बसलं की कारणं दिसायला लागतात. पऱ्हाटी फुकट आहे, सिलिंडरला एकरकमी पैसे लागतात. मजुरी रोज किंवा आठवड्यानं येते, एकरकमी येत नाही. सिलिंडर भरायचं की नाही हे ठरवतो तो ज्याच्या हातात पैसे आहेत, आणि धूर खाते ती जिच्या हातात नाहीत. पऱ्हाट्या गोळा करण्याच्या श्रमाला तर घरात कुणी श्रम म्हणतच नाही, त्यामुळे त्याची किंमत शून्य धरली जाते. इंजिनिअर विचारेल, शेगडीची कार्यक्षमता किती? अर्थशास्त्राचा माणूस विचारेल, सबसिडी किती? समाजशास्त्राचा प्रश्न असा की या घरात निर्णय कुणाचा, श्रम कुणाचे आणि फायदा कुणाचा. तिन्ही प्रश्न लागतात. तिसरा नेहमी शेवटी आठवतो, एवढंच.

सगळं पैशावर येऊन थांबतं असंही नाही. त्याच शनिवारी एक कुटुंब नवसाचा स्वयंपाक करत होतं. रोडगे! ज्यांनी खाल्ले नाहीत त्यांच्यासाठी: कणकेचे जाड गोळे, गोवऱ्यांच्या आरात भाजलेले, वर तूप आणि सोबत वांग्याची भाजी. रोडगा गॅसवर होत नाही. म्हणजे होईल कदाचित, पण मग तो रोडगा राहणार नाही आणि नवसही फिटणार नाही. एलिझाबेथ शोव्ह या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ बाईंनी हेच वेगळ्या प्रकारे मांडलंय. 2003 च्या त्यांच्या पुस्तकाचा गाभा असा की माणसं ‘ऊर्जा’ वापरत नाहीत. ती आंघोळ करतात, कपडे धुतात, खोली गार करतात, आणि या रीतींच्या पोटात ऊर्जा खर्च होते. त्यामुळे रीत समजून न घेता नुसतं उपकरण बदललं तर ते क्रोशाच्या कापडाखाली जातं.

आता मला एका जुन्या अभ्यासाबद्दल सांगायचंच आहे, कारण तो वाचून मी लायब्ररीत थोडा वेळ गप्प बसले होते. फ्रेड कॉट्रेल हे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ. 1951 मध्ये त्यांनी एका रेल्वेगावावर लेख लिहिला, गावाला नाव दिलं ‘कॅलिएंटे’. वाळवंटातलं हे गाव वसलं तेच मुळी वाफेच्या इंजिनासाठी. इंजिनाला पाणी लागायचं, देखभाल लागायची, म्हणून गाडी तिथे थांबायची. मग डिझेलचं इंजिन आलं. त्याला एवढ्या वेळा थांबायची गरजच नव्हती, आणि गावाचं कारण संपलं. कॉट्रेलचं निरीक्षण चटका लावणारं आहे. सगळ्यात जास्त कोण बुडालं? ज्यांनी घर बांधलं, दुकान टाकलं, गावासाठी पैसा आणि वेळ दिला, ते. जे भाड्यानं राहिले आणि कशातच गुंतले नाहीत, ते बॅग उचलून निघून गेले. म्हणजे समाज ज्याला चांगला नागरिक म्हणतो, बदलाचं बिल त्याच्याच नावावर फाटलं.

माझे आजोबा (आईचे वडील) परासियाकडे कोळशाच्या खाणीत होते. 1973 मध्ये खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं, त्यानंतर नोकरी पक्की झाली, क्वार्टर मिळालं. रविवारी मिस्साला जाताना ते पांढरा शर्ट घालायचे आणि तरी नखांत काळं दिसायचं, असं आई सांगते. पेंच-कन्हान भागातल्या जुन्या भूमिगत खाणी एकेक करून बंद होत गेल्या. आजोबांना निवृत्तीचे पैसे मिळाले, तक्रार नाही. पण कॉलनीसमोर ज्यांची टपरी होती, सायकलदुरुस्तीचं दुकान होतं, जे ठेकेदाराकडे रोजावर कोळसा भरत होते, त्यांना कुणी निवृत्त केलं नाही. त्यांचं नाव कुठल्याच रजिस्टरमध्ये नव्हतं. ‘न्याय्य संक्रमण’ या आता सगळीकडे ऐकू येणाऱ्या शब्दाचा खरा कस इथे लागतो: पगारी कामगार मोजायचे की टपरीवालाही? मोजणार कोण? हे काम समाजशास्त्राचं आहे, आणि ते खाण बंद होण्याआधी करायचं असतं. नंतर केलं की त्याला इतिहास म्हणतात.

कोळसा वाईट आणि बाकी सगळं चांगलं, असंही समजू नका. मुळशी आठवा. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी म्हणून टाटा कंपनीचं धरण, आणि पाण्याखाली जाणारी मावळातली भाताची खाचरं. 16 एप्रिल 1921 ला, रामनवमीला, सत्याग्रह सुरू झाला आणि सेनापती बापट त्याचे नेते झाले. आजच्या भाषेत ती ‘स्वच्छ ऊर्जा’च होती! राजेंद्र व्होरा यांनी या लढ्यावर सविस्तर पुस्तक लिहिलंय (इंग्रजीत, 2009). त्यात एक गोष्ट ठळक दिसते, ती म्हणजे ‘गाव’ ही एक वस्तू नसते. जमिनीवर हक्क सांगणाऱ्या पुण्याच्या सावकारांना चांगला मोबदला मिळाला तर पुरे होता. कसणाऱ्या मावळ्याला जमीनच हवी होती. ‘ग्रामस्थांची संमती घेतली’ असं वाक्य कुठल्याही अहवालात दिसलं की मला आता विचारावंसं वाटतं, कुठल्या ग्रामस्थांची?

सौंसरकडे हाच प्रश्न सोलर पंपाच्या रूपात भेटला. पीएम-कुसुम योजना 2019 पासून आहे. शेतकऱ्याला पंपासाठी अनुदान मिळतं, आणि दिवसा पाणी देता येतं. दिवसा पाणी देणं ही किती मोठी चैन आहे हे शहरात कळत नाही. थ्री फेज रात्री आली की रात्री उठून, बॅटरी घेऊन, सापाच्या भीतीनं पाय आपटत वावरात जावं लागतं. पण पंपासाठी कागद लागतो. इकडे तो कागद सातबारा नव्हे, खसरा, आणि तो देणारा तलाठी नव्हे, पटवारी. आम्ही ज्यांच्याशी बोललो त्यातले एक दादा संत्र्याची बाग ठेक्यानं करत होते. खसऱ्यावर नाव मालकाचं, मालक राहतो शहरात. पंप कुणाला मिळणार? मालकाला. मिळाल्यावर ठेका वाढणार का? दादा म्हणाले, "वाढन नाई त काय कमी होईन?" शिवाय सूर्याचं बिल येत नाही म्हणून पंप दिवसभर चालला तर विहिरीचं काय, हा वेगळाच घोर. ऊर्जा शाश्वत, पाणी मात्र संपलेलं, असंही होऊ शकतं.

‘शाश्वत’ या शब्दाशी माझं जरा वाकडं आहे. चर्चमध्ये वाढलेल्या मला शाश्वत म्हटलं की आधी शाश्वत जीवनच आठवतं, सोलर पॅनल नाही. पण पर्यावरण आणि गरिबी हे दोन वेगळे प्रश्न नाहीत, हे मी पहिल्यांदा ऐकलं तेही चर्चमध्येच. पोप फ्रान्सिस यांच्या 2015 च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकावर आमच्या फादरांनी प्रवचन दिलं होतं तेव्हा. आपल्या मराठीत फादर फ्रान्सिस दिब्रिटो वसईत हिरवाईसाठी आणि पाण्यासाठी लोकांबरोबर उभे राहिले, तेही साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होण्याच्या कितीतरी आधी. असो. आजींकडे याला स्वतःचा शब्द होता. तेल, पाणी, पऱ्हाटी, सगळ्याबद्दल त्या म्हणत होत्या, "पुरवून पुरवून वापरतो." पुरणं, पुरवणं. मला हा शब्द ‘शाश्वत’पेक्षा जास्त खरा वाटतो, कारण त्यात पुढच्या उन्हाळ्याचा हिशोब आहे.

समाजशास्त्रालाही मी फार डोक्यावर घेणार नाही. आमचा पहिला दिवस पूर्ण पानठेल्यावर गेला. खर्रा घोटत बसलेल्या पुरुषांनी बत्तीस प्रश्नांची फटाफट उत्तरं दिली आणि आम्ही खूश. चुलीबद्दलचीही उत्तरं त्यांनीच दिली! संध्याकाळी फॉर्म चाळताना लक्षात आलं की चूल पेटवणारी एकही व्यक्ती यादीत नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी ओसरीवर गेलो, आणि तिथे ‘संक्रमण’ आडवं आलं.

पुढच्या शनिवारी आम्ही फॉर्म बदलून गेलो. पहिला प्रश्न आता असा होता: ‘तुमच्या लग्नानंतर घरात काय काय पेटवायची वस्तू बदलली?’ आजी चाळीस मिनिटं बोलल्या. कंदील, रॉकेलची चिमणी, रेशनच्या रांगा, पहिला बल्ब लागला त्या रात्री सासऱ्यांनी तो विझवूच दिला नाही ती गोष्ट. फॉर्मवर उत्तराला दोन ओळी होत्या. मी मागच्या बाजूला लिहीत गेले.

निघताना त्यांनी मला विचारलं, "तुमच्या घरी वं, भाकर कशावर?"

"इंडक्शनवर, आजी. विजेवर."

"अन् वीज कशाची?"

मी कोराडीचं नाव घेतलं. त्या येता-जाता बसमधून त्या चिमण्या बघतात.

"म्हंजे तुमी बी कोयशावरच," आजी म्हणाल्या, आणि चुलीत पऱ्हाटी सरकवली.