गाळा भाड्याने की विकत?

दूधबाजारातील दुकानदार असो वा सातपूरचा कारागीर, हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. प्रत्येक ‘होय’ला एक गुण द्या.

१) याच जागी दहा वर्षे धंदा करणार?
२) गिऱ्हाईक जागा पाहून येते?
३) खरेदीनंतर मालासाठी भांडवल उरेल?
४) व्याजी कर्जाशिवाय रक्कम जमेल?
५) कागदपत्रे वकिलाने तपासली?

चार किंवा पाच गुण असतील तर खरेदीचा विचार करावा. कमी असल्यास भाडे बरे. मात्र तिसऱ्या वा पाचव्या प्रश्नाला ‘नाही’ असेल, तर गुण कितीही असोत, खरेदी थांबवा. भिंती स्वतःच्या आणि फळ्या रिकाम्या, असा धंदा चालत नाही.

भाड्याने घेताना करार लेखी व नोंदणीकृतच करावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे.