धावणं सुटलं, पण मैदान नाही! लवली चौबे यांना गोल्ड मिळवून देणारा ‘लॉन बोल्स’ आहे तरी काय?

अहिल्यानगर : कबड्डी, कुस्ती आणि धावण्यात चमकणारी पोरं-पोरी आपल्या जिल्ह्यात गावोगाव आहेत. पण गुडघा किंवा कंबर एकदा गेली की घरचे म्हणतात, “आता बास झालं.” विशी-पंचविशीतच खेळ सुटतो. झारखंडच्या लवली चौबे यांच्यावरही हीच वेळ आली होती.

रांचीच्या लवली १०० मीटर धावायच्या. दुखापतीनं धावणं थांबलं. तेव्हा क्रिकेटमध्ये पंच राहिलेल्या मधुकांत पाठक यांनी त्यांना लॉन बोल्सकडं वळवलं. २००८ मध्ये राष्ट्रीय स्पर्धा जिंकल्यावर त्यांना ७० हजार रुपये मिळाले आणि हा खेळ पुढं चालू ठेवायला हरकत नाही, असं त्यांना वाटलं. पोटापाण्यासाठी झारखंड पोलिसांत कॉन्स्टेबलची नोकरी होतीच.

आता खेळ समजून घेऊ. लहानपणी गोट्या खेळला असाल तर निम्मा खेळ तुम्हाला आधीच कळलेला आहे. कापलेल्या गवताच्या एकदम सपाट मैदानावर ‘जॅक’ नावाचा छोटा चेंडू आधी घरंगळत सोडतात. तो किमान २३ मीटर लांब जावा लागतो. मग दोन्ही संघ आपापले मोठे, साधारण दीड किलोचे चेंडू सोडतात. ज्याचा चेंडू जॅकच्या जास्त जवळ, त्याला गुण. ऐकायला सोपं वाटतं, पण गोम अशी की हा चेंडू पूर्ण गोल नसतो. एका बाजूनं त्याचा आकार जरा वेगळा असतो, त्यामुळं वेग कमी होताच तो वळतो. म्हणजे सरळ नेम धरला की चुकलाच! किती वळेल याचा अंदाज घेऊन बाजूला सोडावा लागतो. इथं ताकदीपेक्षा हाताचा अंदाज आणि शांत डोकं लागतं. म्हणून तर जास्त वयातही हा खेळ खेळता येतो.

लवली यांच्या सोबतच्या तिघीही दुसऱ्याच खेळांतून आलेल्या. रूपा रानी तिर्की कबड्डी खेळायच्या, आसामच्या नयनमोनी सैकिया वेटलिफ्टिंग करायच्या आणि दिल्लीत शाळेत खेळ शिकवणाऱ्या पिंकी क्रिकेटवाल्या. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत चौघी उतरल्या, तेव्हा सगळ्यांचं वय तिशीच्या पुढं होतं. त्यांची नावं कुणी फारशी ऐकली नव्हती.

उपांत्य सामन्यात त्यांनी न्यूझीलंडला १६-१३ असं हरवलं. २ ऑगस्टला फायनल दक्षिण आफ्रिकेशी. १५ डावांपैकी १२ झाले तेव्हा १०-१० बरोबरी होती. उरलेल्या तीन डावांत भारतानं ७ गुण घेतले आणि समोरच्यांना एकही दिला नाही. निकाल १७-१०. लॉन बोल्समध्ये भारताला राष्ट्रकुलमध्ये मिळालेलं हे पहिलंच पदक, तेही थेट सुवर्ण. त्याच स्पर्धेत पुरुषांच्या चौघांच्या संघानंही रौप्य आणलं. पुढं नयनमोनी आणि पिंकी यांना अर्जुन पुरस्कारही मिळाला.

मग आपल्याकडं हा खेळ का दिसत नाही? खरी अडचण मैदानाची. अशी हिरवळ तयार करणं आणि सांभाळणं खर्चाचं काम आहे, त्यामुळं देशात मोजक्याच ठिकाणी ती आहे. रांचीत २०११ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेच्या निमित्तानं मैदान झालं आणि झारखंडच्या खेळाडूंना सरावाला हक्काची जागा मिळाली. ऑलिम्पिकमध्ये हा खेळ नाही, हीही एक अडचण. मात्र २०२६ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेच्या यादीतून कुस्ती, हॉकी, बॅडमिंटन वगळले गेले, तरी बोल्स राहिला. २०३० ची राष्ट्रकुल स्पर्धा तर आपल्या शेजारी, अहमदाबादला आहे.

राज्यात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. पण सगळे खेळ आणि सगळ्या स्पर्धा त्यात धरल्या जात नाहीत, आणि नियमही बदलत असतात. त्यामुळं कोणताही नवा खेळ धरण्याआधी त्याचं प्रमाणपत्र चालतं का, हे जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारून घ्या.