बालकांचे बोलणे आणि संगोपन : प्रशिक्षित हातांची गरज

नागपूर-छिंदवाडा लोहमार्गावर सौंसर ओलांडले की रामाकोना येते. पूर्वी या मार्गावर अरुंदमापी गाडी धावत असे. आता तेथे रुंदमापी रूळ आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातून पांढुर्णा आणि सौंसर या तहसिली वेगळ्या काढून पांढुर्णा जिल्हा निर्माण करण्यात आला व रामाकोना त्यात समाविष्ट झाले. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत हा मुलूख मध्य प्रदेशात राहिला, तरी घरांतील बोली मराठीच राहिली. शाळेची व कचेरीची भाषा हिंदी, घराची मराठी आणि काही वस्त्यांत गोंडी, अशा भाषिक वातावरणात येथील बालके वाढतात.

संत्र्याच्या बागा आणि कापूस ही या भागाची मुख्य ओळख होय. दिवाळीच्या आगेमागे कापसाची वेचणी सुरू होते, त्याच सुमारास आंबिया बहाराची संत्री तोडणीस येतात. स्त्रिया सकाळी घर सोडतात त्या दिवस कलल्यावर परततात. तान्हे मूल आजीपाशी राहते. आजी नसल्यास सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर बसते, आणि मग त्या बहिणीची शाळा बुडते. मुलाला खाऊ-पिऊ घातले जाते, निजविले जाते. परंतु दिवसभरात त्याच्याशी कोणी फारसे बोलत नाही. या एका उणिवेकडे आजवर पुरेसे लक्ष गेलेले नाही.

अंगणवाडी सेविका घरी आली असता पुढील धाटणीचा संवाद या परिसरात सहज ऐकू येतो. “आजी, नातू किती वर्षांचा झाला?” “पोयाले तीन वर्साचा होईन, बाई.” “काय काय बोलतो?” “काई नाई. माय म्हनते, बस. याचा बापबी उशिराच बोलला होता.” आजीचे हे उत्तर खोटे नसते. काही मुले खरोखरच उशिरा बोलू लागतात आणि पुढे इतरांच्या बरोबरीला येतात. अडचण एवढीच की, कोणते मूल केवळ उशिरा बोलणारे आहे आणि कोणत्या मुलाला ऐकूच येत नाही, हे घरच्या माणसाला नुसत्या नजरेने सांगता येत नाही. ऐकू न येणारे मूलही हसते, खेळते, हातवारे समजून घेते. म्हणून ते “हुशार पण अबोल” म्हणून गणले जाते. हा भेद तपासणीनेच कळतो, आणि तपासणीला विलंब झाला की गेलेली वर्षे भरून निघत नाहीत.

भाषा शिकण्यासाठी मेंदूची जी अनुकूल अवस्था असते ती आयुष्याच्या पहिल्या काही वर्षांतच असते. म्हणूनच पहिल्या महिन्यात श्रवणाची चाळणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपाययोजनेस आरंभ, असे वेळापत्रक या शास्त्रात जगभर मान्य झालेले आहे. सहा महिन्यांत श्रवणयंत्र मिळालेले मूल आणि चौथ्या वर्षी मिळालेले मूल यांच्या बोलण्यात पुढे जे अंतर पडते, ते यंत्राच्या किमतीने पडत नाही, उशिराने पडते.

सर्वसाधारणपणे मूल सहा-सात महिन्यांचे झाले की “बाबाबा”, “दादादा” असे ध्वनी काढू लागते. वर्षाच्या सुमारास अर्थपूर्ण पहिला शब्द येतो. दोन वर्षांच्या मुलापाशी पन्नासच्या आसपास शब्द असावेत आणि “दूध दे”, “बाबा गेले” अशी दोन शब्दांची जोडणी त्याला यावी. तीन वर्षांच्या मुलाचे बोलणे घराबाहेरच्या माणसालाही बरेचसे कळावे. वर्ष उलटूनही मूल बडबडत नसेल, दीड वर्षापर्यंत एकही शब्द नसेल, दोन वर्षांचे होऊनही दोन शब्द जोडत नसेल, किंवा येत असलेले शब्द मध्येच नाहीसे झाले असतील, तर वाट पाहत बसू नये. मूल पाठमोरे असताना त्याला हाक मारून पाहणे ही घरच्या घरी करता येण्याजोगी साधी पाहणी आहे. मात्र थाळी वाजवून मूल दचकले म्हणजे त्याचे कान ठीक आहेत, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते. मोठा आवाज कळतो परंतु बोलण्यातील बारीक ध्वनी कळत नाहीत, असा दोषही असू शकतो.

वेखंड उगाळून मधातून चाटविल्याने वाणी सुटते, ही समजूत आपल्याकडे जुनी आहे. वेखंडाने बहिरेपण जात नाही. शिवाय एक वर्षाच्या आतील बालकाला मध देणे वैद्यकीयदृष्ट्या धोक्याचे मानले जाते. कान वाहत असताना त्यात गरम तेल सोडण्याची रीत तर याहून घातक आहे. लहान वयात वारंवार कान वाहणे हे श्रवणदोषाचे, आणि पर्यायाने बोलण्यातील मागासलेपणाचे, एक मोठे व टाळता येण्याजोगे कारण आहे.

द्विभाषिक भागात आणखी एक गैरसमज आढळतो. मूल बोलत नाही असे दिसताच “घरी मराठी बंद करा, हिंदीच बोला” असा सल्ला दिला जातो, आणि तो बहुधा सद्हेतूनेच दिला जातो. परंतु दोन भाषा कानावर पडल्याने वाणीचा विकास खुंटतो, यास शास्त्रीय आधार नाही. ज्या आजीला हिंदी नीट येत नाही तिने मराठी सोडली तर ती नातवाशी बोलणेच कमी करील, म्हणजे औषधानेच रोग वाढावयाचा. शिक्षकबंधूंनी हा सल्ला देण्याचे कटाक्षाने टाळावे. मूल तपासतानाही त्याला घरच्या भाषेतील शब्द विचारले पाहिजेत. “संतरा” न म्हणणारे मूल “संत्रं” म्हणत असेल, तर ते मुके नाही.

येथेच वाणी-साहाय्यकाचे महत्त्व लक्षात येते. श्रवण व वाणी या विषयातील पदवीधर तज्ज्ञ चार वर्षांचे शिक्षण घेऊन तयार होतात. त्यांची संख्या मर्यादित असून ते बहुतांशी मोठ्या शहरांत आढळतात. तज्ज्ञाने निदान करून आठवड्याचा सराव ठरवून दिला, तरी तो सराव दररोज करून घेणारे माणूस गावाजवळ हवे. त्यासाठी श्रवण, भाषा व वाणी या विषयाचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम भारतीय पुनर्वसन परिषदेच्या मान्यतेने चालविण्यात येतो. ही परिषद १९९२ च्या अधिनियमान्वये स्थापन झाली. या अभ्यासक्रमात कानाची व वाचेच्या इंद्रियांची रचना, श्रवणमापन, श्रवणयंत्राची निगा व साचे तयार करणे, मुलांच्या भाषाविकासाचे टप्पे आणि प्रत्यक्ष सराव यांचा समावेश असतो. पदविकाधारकाने स्वतंत्रपणे निदान करावयाचे नसते. तज्ज्ञाच्या देखरेखीखाली काम करावयाचे असते. ही मर्यादा रुग्णाच्या हिताची आहे आणि पालकांनीही ती जाणून असावे.

या शिक्षणाची परंपरा आपल्या देशात फार जुनी नाही. म्हैसूर येथील अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था १९६० नंतरच्या दशकात उभी राहिली. मुंबईत वांद्रे येथे १९८३ साली श्रवणदोषविषयक राष्ट्रीय संस्था स्थापन झाली व तिला महाराष्ट्राचे माजी राज्यपाल अली यावर जंग यांचे नाव देण्यात आले. म्हैसूरच्या संस्थेने पुढे हा पदविका अभ्यासक्रम दूरदृश्य वर्गांच्या साहाय्याने इतर ठिकाणच्या केंद्रांतूनही सुरू केला. मुंबईच्या संस्थेच्या अखत्यारीत नागपूर व भोपाळ येथे संयुक्त प्रादेशिक केंद्रे आहेत. रामाकोन्याच्या रहिवाशांना भोपाळपेक्षा नागपूर कितीतरी जवळ पडते, आणि भाषेच्या दृष्टीनेही तेच सोयीचे आहे. राज्याची सीमा आजारी मुलाच्या वाटेत आडवी येण्याचे कारण नाही. तथापि कागदपत्रे कोणत्या राज्याची चालतील याची विचारणा आधी करून मगच प्रवासास निघावे.

घरगुती बालसंगोपनाचे प्रशिक्षण हा याच प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग होय, आणि त्याबाबतीत मराठी मुलखापाशी अनुभवाची मोठी शिदोरी आहे. १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील, सध्याच्या पालघर जिल्ह्यातील, बोर्डी येथे ताराबाई मोडक यांनी ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले व अनुताई वाघ त्यांच्या साथीला आल्या. मुले बालवाडीकडे येत नाहीत, तेव्हा बालवाडीच वस्तीतील अंगणात न्यावी, या विचारातून “अंगणवाडी” जन्मास आली. १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर हलविण्यात आले. तेथे आदिवासी मुली शाळेत येत नसत, कारण धाकट्या भावंडांना सांभाळण्याचे काम त्यांच्याकडे असे. ताराबाईंनी त्या मुलींना दोष दिला नाही. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, म्हणजे भावंडाला घेऊनच मुलीने शाळेत यावे. “विकासवाडी” या नावाने ही योजना ओळखली जाते. कडेवरच्या मुलामुळे मोठ्या बहिणीची शाळा सुटते हा रामाकोना परिसरातील प्रश्न कोसबाडला सहा-सात दशकांपूर्वी ओळखला गेला होता, हे येथे नमूद केले पाहिजे.

कोसबाडने दुसरी गोष्ट दाखविली ती प्रशिक्षणाची. बालसेविका शहरातून आणण्याऐवजी गावच्याच स्त्रिया निवडून त्यांना शिकविण्यात आले. शंख, शिंपले, बिया, पाने, माती ही तेथील साधने होती. सौंसरच्या शिवारात संत्र्याच्या वाळलेल्या साली, सरकी, कापसाची बोंडे, चिंचोके विपुल आहेत. बोंड मऊ की टरफल खरखरीत, हे विचारताना मुलाच्या तोंडी आपोआप शब्द येतात. विकत आणलेल्या रंगीत तक्त्यावाचून बालशिक्षण अडत नाही. मात्र तीन वर्षांखालील मुलाच्या हाती चिंचोके व बिया देऊ नयेत. नाकात वा घशात जाण्याचा संभव असतो.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि “अंगणवाडी” हा मराठी शब्द देशभर पोचला. दीर्घकाळ या योजनेचा भर पोषण व लसीकरण यांवर राहिला. २०२३ साली केंद्र शासनाने “पोषण भी पढाई भी” हा उपक्रम हाती घेऊन सेविकांच्या प्रशिक्षणात बालशिक्षणाला स्थान दिले. जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी “नवचेतना” आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी “आधारशिला” असे आराखडे त्यानंतर तयार करण्यात आले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात बारावी उत्तीर्ण सेविकांसाठी सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम व त्याहून कमी शिक्षण झालेल्यांसाठी एक वर्षाची पदविका सुचविलेली आहे. नोकरदार व मजूर मातांच्या मुलांसाठी “पालना” या योजनेखाली अंगणवाडीलाच पाळणाघराची जोड देण्याची तरतूद आहे. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची बालसंगोपन व शिक्षण या विषयातील पदविका घरी राहून पूर्ण करता येते. नागपूरसारख्या ठिकाणच्या महिला महाविद्यालयांत गृहविज्ञान शाखेत मानवविकास हा विषय शिकविला जातो. या साऱ्या अभ्यासक्रमांत मुलाशी कसे बोलावे यास जेवढी जागा आहे त्याहून अधिक असावयास हवी, असे प्रांजळपणे म्हणावे लागते.

कारण सांभाळ करणाऱ्या बाईने दिवसभरात करावयाचे काम वरकरणी अगदी सामान्य दिसते. अंघोळ घालताना हात, पाय, पाठ यांची नावे घेणे. मुलाने बोट दाखविलेली वस्तू लगेच हाती न देता नाव उच्चारून देणे. प्रश्न विचारल्यावर क्षणभर थांबणे. मुलाच्या तुटक शब्दाला पूर्ण वाक्याची जोड देणे. मूल “पानी” म्हणाले तर “सोनूला पाणी हवं का, हे घे थंड पाणी,” असे बोलावे. चुकीचा उच्चार पुन:पुन्हा म्हणवून घेऊन मुलाला रडवू नये. भ्रमणध्वनीचा पडदा मुलापुढे धरल्याने ते गप्प बसते, हे खरे. पण गप्प बसविणे हा येथे उद्देशच नाही. ज्या आजीला ओव्या, बडबडगीते व कहाण्या येतात ती अर्धी प्रशिक्षित आहेच. तिला उरलेले अर्धे, म्हणजे धोक्याची लक्षणे ओळखणे, सेविकेने समजावून द्यावे.

लक्षण दिसल्यास पुढचा मार्ग असा आहे. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली फिरते आरोग्य पथक अंगणवाडीस वर्षातून दोनदा व शाळेस एकदा भेट देऊन जन्मजात दोष, कमतरता, आजार व विकासातील विलंब यांची तपासणी करते. वस्तीत पथक येईल त्या दिवशी मूल शेतावर नेऊ नये. पथकाने नाव नोंदविलेल्या मुलास जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठविण्यात येते. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क अधिनियमात श्रवणदोष व वाचा-भाषा दोष या दोहोंचा समावेश आहे. प्रमाणपत्र मिळाल्यावर साहाय्यक उपकरणांच्या केंद्रीय योजनेतून श्रवणयंत्रासाठी मदत मिळू शकते. यंत्र मिळाले म्हणजे काम संपले, असे मात्र नव्हे. घाट किंवा वेळ संपली, मुलाने ओढून काढले, म्हणून यंत्र फडताळात पडून राहिले, असे घडू शकते, आणि ते होऊ न देणे हेच साहाय्यकाचे काम.

ज्या मुलींना श्रवण, भाषा व वाणी पदविकेकडे जावयाचे असेल त्यांनी एक गोष्ट दहावीनंतर लगेच ध्यानी घ्यावी. या पदविकेस बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि त्यांच्या जोडीला जीवशास्त्र किंवा गणित यांसारखा विषय लागतो. कला शाखा घेतल्यावर हे दार मिटते. घरगुती बालसंगोपनाच्या पदविकेला अशी अट नाही. प्रवेशाचे नियम वेळोवेळी बदलत असल्याने पुनर्वसन परिषदेची त्या वर्षाची सूचना पाहावी, आणि अकरावीचे विषय भरण्यापूर्वीच मुख्याध्यापकांनी ती मुलींना वाचून दाखवावी.