एकच जीवाणू, निरनिराळे वाण : हेलिकोबॅक्टर पायलोरी आणि आमाशयाचे विकार

अम्लपित्त व परिणामशूलाचे रुग्ण ज्याच्याकडे येत नाहीत असा वैद्य विरळाच. हल्ली यांतील काहीजण 'एच. पायलोरी पॉझिटिव्ह' असा अहवाल हाती घेऊन येतात आणि 'आता कॅन्सर होणार का?' असे विचारतात. याचे प्रामाणिक उत्तर देण्यासाठी या जीवाणूच्या जनुकांची ओळख आवश्यक आहे, असे आम्हांस वाटते.

पर्थ येथे १९८२ साली मार्शल व वॉरन यांनी हा जीवाणू प्रथम प्रयोगशाळेत वाढविला. १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याची गणना निश्चित कर्ककारकांत केली. तरीही संसर्ग झालेल्या बहुसंख्यांना ना व्रण होतो, ना कर्करोग. या भेदाचे एक कारण जीवाणूच्या वाणात आहे.

'कॅग-ए' हे जनुक सर्व वाणांत नसते. ते सुमारे तीस जनुकांच्या एका समूहात असते. त्यांतील इतर अनेक जनुके मिळून सुईसारखी एक रचना घडवितात व तिच्याद्वारे कॅग-ए प्रथिन थेट आमाशयाच्या पेशीत टोचले जाते. तेथे पेशीचीच विकरे त्यास फॉस्फेट जोडतात आणि मग ते पेशीच्या वाढीचे व आकाराचे नियंत्रण बिघडविते. जपान-कोरियाकडील वाणांतील कॅग-ए हे काम पाश्चात्त्य वाणांपेक्षा अधिक जोमाने करते. 'व्हॅक-ए' हे विषजनुक मात्र जवळजवळ सर्व वाणांत असते. त्याची काही रूपे तीव्र, तर काही सौम्य.

भारतात हे चित्र गुंतागुंतीचे होते. कोलकाता येथील अभ्यासांत कॅग-ए असलेले वाण व्रणाच्या रुग्णांत आढळले, तसेच व्रण नसलेल्यांतही मोठ्या प्रमाणात आढळले. म्हणजे केवळ जनुक पाहून आपल्याकडे भावी रुग्ण ओळखता येत नाही. रुग्णाची दाहाशी संबंधित जनुके, तंबाखू, खारवलेला व धुरावलेला आहार हेही पाहावे लागते. बीजाइतकेच क्षेत्र महत्त्वाचे, हा विचार वैद्यांस नवा नाही. परंतु त्यावरून 'हे सारे आमच्या ग्रंथांत होतेच' असे म्हणणे आम्हांस उचित वाटत नाही.

तेव्हा रुग्णास धीर द्यावा, पण गाफील ठेवू नये. वजन घटणे, काळी विष्ठा, पांडुता, गिळताना अडथळा, वारंवार वमन, किंवा आई-वडील वा भावंडांत जठराचा कर्करोग, यांपैकी काही असल्यास विनाविलंब दुर्बिणीच्या तपासणीस पाठवावे. अशा रुग्णास सूतशेखर-कामदुधा देऊन महिनोन्महिने थोपवून धरल्यास लक्षण शमते, व्याधी मात्र आत वाढत राहू शकतो.

औषधविक्रेत्या बंधूंना एक विनंती. या संसर्गावरील क्लॅरिथ्रोमायसिन हे औषध जीवाणूच्या जनुकातील एकाच अक्षराच्या बदलाने निष्प्रभ ठरते. चिठ्ठीवाचून चार दिवसांच्या सुट्या गोळ्या दिल्या की नेमके असे बदललेले जीवाणू मागे उरतात, आणि पुढे पूर्ण मात्राही त्यांच्यापुढे चालत नाही.